दारू सोडून नव्यानं सुरुवात: शपथ मोडलेल्या माणसाला उत्तर

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. वय ३८, पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. १२ वर्षांपासून दारू, त्यातली गेली तीन वर्षं रोज दोन क्वार्टर. आजवर तीनदा सोडली. शेवटची शपथ तुळजापूरला देवीसमोर घेतली. ती चार महिने टिकली आणि चुलतभावाच्या लग्नात मोडली. तेव्हापासून पुन्हा रोज. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली आहे. ते लिहितात, "सर, येत्या पाडव्यापासून कायमची सोडायची. दारू, गुटखा दोन्ही. पहाटे पाचला उठायचं, व्यायाम करायचा, दोन म्हशी घ्यायच्या. नवा माणूस व्हायचंय. पण मन खंबीर राहत नाही. ते कसं करू? का सरळ गाव सोडून पुण्याला जाऊ?"

मी मराठवाड्यात बरीच वर्षं व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो आहे. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मनाचं नंतर बोलू, आधी शरीराचं बोलायला हवं, कारण पाडव्याला सकाळी उठून एकट्यानं, घरच्या घरी दारू एकदम बंद करायचा तुमचा बेत असेल तर तो धोक्याचा आहे.

दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. रोज इतकी दारू वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या मेंदूनं तिच्याशी जुळवून घेतलेलं असतं. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू उलट बाजूनं जोर लावून स्वतःला जागं ठेवतो. दारू अचानक थांबली की तो जोर मोकळा सुटतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळ होते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. थोड्या लोकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो: अंगावर किडे चढताना दिसतात, गेलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, दिवस की रात्र कळत नाही. आपल्याकडे अशा वेळी "बाहेरचं झालं" म्हणून माणसाला देवऋषीकडे नेतात आणि नेमके महत्त्वाचे तास वाया जातात. उपचार मिळाले नाहीत तर या अवस्थेत जीव जाऊ शकतो. मागच्या तीन वेळी तुम्हाला काय त्रास झाला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. फिट आली असेल किंवा भास झाले असतील तर यावेळी घरी प्रयोग करूच नका. वारंवार सोडून पुन्हा धरणाऱ्यांना पुढच्या खेपेला जास्त त्रास होण्याची शक्यता असते.

यावर चांगले उपचार आहेत. साधारण आठवडाभर उतरत्या प्रमाणात गोळ्या देतात, सोबत ब-१ जीवनसत्त्व देतात, गरज वाटली तर भरती करून घेतात. गावाकडं दारू सोडली की "अशक्तपणा आलाय" म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घ्यायची पद्धत आहे. तिथं डॉक्टरांना रोज किती पीत होतो ते खरं सांगा. सतत पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ कमी असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या आणून स्वतःच घेऊ नका. तुमच्यासाठी जवळचं ठिकाण म्हणजे लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं जाऊन मानसोपचार विभाग विचारायचा. त्याआधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हाही मोफत नंबर आहे.

पाडवा तीन आठवड्यांवर आहे. डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. "पाडव्यापासून सोडायचीच आहे" म्हटलं की त्याआधीचे दिवस शेवटचं म्हणून जास्तच प्यायले जातात. हे मी जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत पाहिलं आहे. तारखेला माझा विरोध नाही. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल संपतं, नवं साल ठरतं, नव्या वर्षाच्या नांगरटीचा हिशेब लागतो. त्या दिवशी माणसाला मागचं मागं टाकावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं: आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा पहिला दिवस किंवा वाढदिवस उलटला की लोक व्यायामशाळेत जास्त जातात. तारीख माणसाला उठवून उभं करते, तेवढं काम ती चांगलं करते. पुढं चालवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि तुमचा खरा प्रश्न तिथंच आहे.

तुम्ही विचारता मन खंबीर कसं करू. इतक्या वर्षांत मी ज्यांची सुटलेली पाहिली आणि ज्यांची पुन्हा लागलेली पाहिली, त्यांच्या मनाच्या ताकदीत मला फारसा फरक दिसला नाही. पुन्हा प्यायला लागलेल्यांत अत्यंत जिद्दीची माणसं होती, दुष्काळात विहीर खणून काढणारी. फरक दोन ठिकाणी दिसला. एक, संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत ती माणसं कुठं असत, कुणाबरोबर असत, पोटात काय असे आणि खिशात किती असत. आणि दुसरं, एकदा घसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काय केलं. बाकी सगळं या दोन गोष्टींना धरून येतं.

आधी दुसरी गोष्ट घेतो, कारण तुमची शपथ तिथं मोडली आहे.

लग्नात काय झालं ते तुम्ही लिहिलंय: हळदीच्या रात्री शेडमागं पोरं बसली होती, चुलतभावानं आग्रह केला, तुम्ही अर्धा ग्लास घेतला. "मग वाटलं, आता शपथ मोडलीच. देवीला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मग बसलोच." त्या रात्री आणि नंतर दोन महिने.

या दोन महिन्यांकडं नीट बघा. तुमचं नुकसान अर्ध्या ग्लासानं जितकं केलं त्याहून कितीतरी जास्त "आता मोडलीच" या विचारानं केलं. चार महिने एक माणूस दारूशिवाय जगला, पेरणी केली, कोळपणी केली, मुलीची फी भरली. एका रात्रीत त्यातलं काही खोटं झालं का? पण शपथेचा स्वभावच असा की ती एक तर पूर्ण असते, नाही तर नसतेच. एक घोट घेतला की मागचे सगळे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, त्याची लाज वाटते, आणि ती लाज झाकायला पुन्हा दारूच हाताशी असते. ॲलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात नेमकं यावर काम केलं. घसरणं आणि पूर्ववत व्यसनात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंच्या मध्ये माणूस त्या घसरण्याचा काय अर्थ लावतो याला फार महत्त्व आहे, असं त्यांनी मांडलं. "मी नालायक आहे" असा अर्थ लावणारा खोल जातो. "आज हळदीच्या रात्री उपाशी पोटी मी त्या शेडमागं गेलो, ती जागा चुकीची होती" असं म्हणणारा बहुतेक वेळा परत येतो.

एखाद्या वेळी घेतली तर चालते, असा याचा अर्थ अजिबात नाही. तुमच्यासारख्या रोज दोन क्वार्टरपर्यंत पोचलेल्या माणसाला बेतानं पिणं जमेल या आशेवर मी एक दिवसही काढू देणार नाही. तुमचं उद्दिष्ट शून्यच आहे. पण घर बांधताना आपण आग लागू नये याची काळजी घेतो आणि तरीही पाण्याची टाकी भरलेली ठेवतो, तसं घसरल्यास काय करायचं हे आजच, शुद्धीत असताना ठरवून ठेवायचं. माझ्याकडं येणाऱ्यांना मी हे कागदावर लिहायला लावतो. उरलेली बाटली तिथंच ओतून द्यायची. एका ठरलेल्या माणसाला त्याच रात्री फोन करायचा आणि खरं सांगायचं. जेवून झोपायचं. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायचं, कपडे मळलेले असले तरी जायचं. त्या दिवशी नवी शपथ घ्यायची नाही.

ज्यांनी हा कागद खिशात ठेवला, त्यांच्यातलेही काही घसरले. पण त्यांची घसरण बहुतेक वेळा एका-दोन दिवसांत थांबली. तुमची दोन महिने चालूच आहे. वर्षाच्या हिशेबात हा फरक प्रचंड आहे.

आता संध्याकाळ.

तुमच्या पत्रातून मला तुमचा दिवस असा दिसतो: सकाळी भाकरी खाऊन रानात, दुपारी उरलंसुरलं, सहाला गाडी काढून घरी निघायचं, फाट्यावर टपरीला थांबायचं, गुटख्याची पुडी घ्यायची, दोन ओळखीचे भेटणार, एक जण म्हणणार "बस की जरा". घरी दिवा लावायला कुणी नाही. सात वाजलेले असतात, पोट रिकामं, अंग आंबलेलं, खिशात शे-दोनशे रुपये आणि समोर दारूच्या दुकानाची पाटी दिसते. अशा ठिकाणी रोज मनाला लढायला पाठवायचं आणि ते हरलं की त्याला कच्चं म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. लढाईची जागाच बदला. दुपारच्या डब्यात दोन भाकरी जास्त न्या आणि साडेपाचला रानातच बसून पोटभर खा. भरल्या पोटी ओढ निम्म्यावर येते, असं सांगणारे मला कितीतरी भेटले. फाट्याचा रस्ता सोडून पाणंदीनं या, चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. पावसाळ्यात चिखलामुळं ते जमणार नाही, तेव्हा शेजारच्या रानातल्या कुणाला तरी गाडीवर मागं बसवून या, म्हणजे फाट्यावर थांबणं होत नाही. खिशात पेट्रोलपुरते पैसे ठेवा. फोनवरून पैसे देण्याची सोय असेल तर ती काही महिने बंद करा. टपऱ्यांवर आता रोख नसली तरी चालतं, त्यामुळं ही पळवाट आधी बुजवावी लागते.

ओढ आली की ती वाढतच जाणार असं वाटतं. प्रत्यक्षात ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते. ते वीस-तीस मिनिटं काय करायचं, एवढंच ठरलेलं पाहिजे. आंघोळ, मुलीला फोन, बैलांना वैरण, चालत देवळापर्यंत. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांचं १९९० च्या दशकातलं काम इथं फार उपयोगी पडतं. "मी पिणार नाही" असा नुसता निर्धार करणाऱ्यांपेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं आधी ठरवणारी माणसं ठरवलेलं जास्त पाळतात, असं त्यांनी दाखवलं. म्हणून तुमची वाक्यं आताच तयार करा. कुणी ग्लास पुढं केला तर म्हणायचं, "गोळ्या चालू हैत, डॉक्टरनं जिवाला धोका सांगितलाय," आणि तिथून उठायचं. कारणं देत बसायचं नाही, समजावत बसायचं नाही. दारू सोडण्यावर पिणाऱ्यांशी वाद घातलेला माणूस मी जिंकताना पाहिलेला नाही. येत्या लग्नसराईत अक्षता टाका, पंगतीत जेवा आणि निघा. हळदीला मुक्कामी जाऊ नका, वरातीत थांबू नका. पाहुणे नाराज होतील. एक वर्ष होऊ द्या.

हे किती दिवस करायचं, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. २१ दिवसांत सवय बदलते असं सगळीकडं ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये ९६ लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. जेवणाबरोबर पाणी पिणं, फळ खाणं, थोडं धावणं अशा साध्या नव्या सवयी अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, आणि काहींचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्या तर साध्या सवयी होत्या, व्यसन नव्हतं. त्याच अभ्यासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही. तुमच्यासाठी मी पहिले तीन महिने सगळ्यात जपायचे मानतो आणि त्यानंतर एक पूर्ण वर्ष. वर्ष यासाठी की पोळा, दसरा, दिवाळी, येळवस म्हणजे आपली वेळ अमावस्या, लग्नसराई, यात्रा हे सगळे दिवस एकेकदा दारूशिवाय पाहून झाले पाहिजेत. येळवशीला रानात भज्जी-आंबिलीची पंगत उठल्यावर बांधाच्या पलीकडं काय चालतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी कुठं बसायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं.

सगळ्यात अवघड दिवस मात्र सणाचा नसतो. तो सोयाबीनची पट्टी हातात पडते तो दिवस. ऑक्टोबरमध्ये आडतीवर माल घातला, हातात एकदम रक्कम आली, लातूरच्या बाजारातून गावी परत निघालो. किंवा उलट, भाव पडले, आडत्याची उचल वजा होऊन काहीच उरलं नाही. दोन्ही प्रकारात रस्ता एकाच दारात जातो. माल घालायला एकटे जाऊ नका. पैसे थेट बँकेच्या खात्यात घ्या, आणि ते खातं आईच्या किंवा भावाच्या संमतीनं चालवा. कर्त्या पुरुषाला हे कमीपणाचं वाटतं, मला कल्पना आहे. परभणीकडचे एक ट्रॅक्टरमालक पहिलं वर्षभर डिझेलचे पैसेसुद्धा भावाकडून मोजून घ्यायचे. त्यांच्या भावानं ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि वर्षानंतर हिशेब स्वतःहून परत दिला. असा भाऊ प्रत्येकाला नसतो, पण कुणीतरी असतं. शोधा.

पुण्याला जाऊ का, याचं माझं उत्तर: आत्ता नको. यामागं एक खूप गाजलेला अभ्यास आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैनिकांना हेरॉइन सहज मिळत होतं आणि तिथं असताना जवळपास पाचातला एक जण त्याच्या आहारी गेल्याचं पुढं मुलाखतींतून दिसलं. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. तिथं आहारी गेलेल्यांतले फक्त ५ टक्के मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. ज्या जागेत, ज्या संगतीत, ज्या ताणात व्यसन लागलं होतं ते सगळं मागं राहिलं होतं. म्हणजे जागेला बळ असतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ते सैनिक परक्या मुलखातून घरच्या माणसांत आले होते. तुम्ही उलट दिशेनं निघालात. पुण्यात हडपसर नाही तर चिंचवडकडं तीन-चार पोरांत एक खोली, बारा तासांची ड्युटी, रविवारी सुट्टी, ओळख फक्त गावाकडच्या पोरांची आणि विचारायला कुणी नाही. आपल्या बीड-धाराशिवकडची ऊसतोडीला जाणारी माणसं दर वर्षी दिवाळीच्या पुढं-मागं गाव सोडतात. गाव सुटलं म्हणून दारू सुटली असं फडावर सहसा होत नाही, थंडीत आणि थकव्यात वाढलेलीच दिसते. आणि समजा पुण्यात सहा महिने सुटली, तरी जत्रेला परत याल तेव्हा तो फाटा आणि ती टपरी तिथंच असणार. मेंदू ती जागा विसरलेला नसतो. जमीन, आई आणि मुलगी इथं असताना तुम्हाला संध्याकाळ इथंच बदलावी लागेल. उपचारासाठी महिना-दीड महिना व्यसनमुक्ती केंद्रात राहणं वेगळं, तसा सल्ला डॉक्टरांनी दिला तर जरूर जा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे, तिथं मराठवाड्यातूनही माणसं जातात.

देवीची शपथ मोडली म्हणून तुम्ही देवळात जायचं सोडलंय, हे वाचून मला वाईट वाटलं. श्रद्धा असेल तर ती या कामात फार मोठा आधार होऊ शकते. मात्र ती शपथेच्या रूपात कमी आणि संगतीच्या रूपात जास्त उपयोगी पडते. आपल्या भागात दारू सोडून गळ्यात तुळशीची माळ घातलेली आणि पुढं वीस-वीस वर्षं टिकलेली माणसं गावोगाव आहेत. तुमच्याही गावात असतील, त्यांना जाऊन भेटा. माळ घातलेल्याला कुणी ग्लास पुढं करत नाही, त्यामुळं नाही म्हणायचं निम्मं काम गळ्यातली माळच करते. बसायला दुसरी माणसं मिळतात. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मारुतीच्या देवळात हरिपाठ नेमका दिवेलागणीला असतो. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा तास टाळ-मृदंगानं भरलेला असतो, आणि नाही आलात तर उद्या कुणीतरी विचारतं. वर्षातून एकदा वारी, मध्ये एखादा सप्ताह, म्हणजे पुढच्या वर्षाचा बेतही आपोआप ठरतो. ज्यांना हे मानवत नाही त्यांच्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका आहेत. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार देण्यापासून त्या सुरू झाल्या, आणि तिथंही पाया हाच आहे: सुटलेल्या माणसांत नियमानं जाऊन बसायचं. माळेनं थरथर आणि फिट थांबत नाही, तेवढं डॉक्टरांचंच काम.

गुटखा, पहाटे पाच, व्यायाम, म्हशी. हे सगळं एकाच दिवशी नको. दारूचे पहिले काही आठवडे झोप आधीच मोडलेली असते, पहाटे पाचचा हट्ट कशाला? झोप लागेल तेव्हा झोपा. गुटख्याबद्दल डॉक्टरांना विचारा, तंबाखू सोडायलाही औषधं आहेत आणि दारूबरोबर ती सोडली तर काही बिघडत नाही. पण तेवढी ताकद वाटत नसेल तर तीन महिन्यांनी घ्या. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही पुडी प्रत्येक टपरीला मिळते. टपरी टाळलीत तर तीही कमी होईल. म्हशींचा विचार मला मनापासून आवडला, कारण धार काढून डेअरीवर दूध घालायची वेळ संध्याकाळचीच आहे. फक्त आत्ता कर्ज काढून दोन नकोत. आधी सहा महिने जाऊ द्या, मग एक.

आता बायकोबद्दल. तिला आणायला पंच घेऊन जाऊ नका. "आता खरंच सोडली" असं सांगायलाही जाऊ नका. हे वाक्य तिनं तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा विश्वास ठेवलाय. चौथ्यांदा न ठेवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. मुलीला रोज ठरलेल्या वेळी, शुद्धीत असताना फोन करा. शाळेचा खर्च वेळेवर पाठवा. दवाखान्याचा कागद तिला दाखवायचा असेल तर दाखवा, पण त्या बदल्यात काही मागू नका. तुम्ही तिच्यावर हात उचलला होता का, ते पत्रात नाही. उचलला असेल तर दारूवर ढकलू नका, समुपदेशकासमोर ते वेगळं मांडा. ती परत येईलच असं वचन मी देऊ शकत नाही. तुमची दारू सुटणं तिच्या येण्यावर टांगून ठेवू नका, नाहीतर ती नाही आली त्या दिवशी पुन्हा फाट्यावर जाल.

एक निरोप तुमच्या आईसाठी, कारण त्या कुठूनशी "जेवणात कालवायची पावडर" आणणार असल्याचं तुम्ही लिहिलंय. मावशी, कृपा करून ते करू नका. अशा पुड्यांत काय असतं ते कळत नाही, आणि काहींत डायसल्फिराम असू शकतं. हे औषध डॉक्टर वापरतात, पण माणसाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनं. ते पोटात असताना दारू घेतली की छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि क्वचित प्राणावर बेततं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार. दारूची ओढ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत, ती मागायची असतील तर मुलासोबत ओपीडीत या.

पत्राच्या शेवटी तुम्ही "कधी कधी वाटतं सगळं संपवावं" असं एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी त्या ओळीवर थांबलो. दारू मन उदास करते आणि उदास मन दारू मागतं, आणि सोडल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत ही उदासी काही काळ दाटूनही येते. ती उतरते, आणि उतरली नाही तर तिच्यावर वेगळे उपचार असतात. आपल्या मुलखात हा विचार मनात येणारे तुम्ही एकटे नाही, पण तो मनात ठेवून एकटं राहायचं नाही. डॉक्टरांना हे दारूच्याही आधी सांगा. घरात किंवा रानातल्या आखाड्यावर फवारणीचं औषध असेल तर आजच ते भावाच्या घरी कुलपात ठेवायला द्या, आणि फवारणीच्या दिवशीच लागेल तेवढं आणा. असा विचार जोर करील त्या क्षणी १४४१६ लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

गावात सांगू का, असं तुम्ही विचारलंय. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पारावर जाहीर केलेला बेत लोक रोज तपासतात आणि त्याचा ताण येतो. तीन माणसांना सांगा. एक, ज्याला घसरलात तर रात्री फोन करायचा. दुसरा, ज्याच्याकडं पैसे राहतील. तिसरा, संध्याकाळी तुम्हाला हाक मारून हरिपाठाला नेणारा. तिघेही न पिणारे हवेत. त्यांतल्या एकाला घेऊन येत्या सोमवारी लातूरला जा, नोंदणी सकाळी होते, लवकर निघा. आधीच्या उपचाराचे कागद असतील तर घ्या, आधार कार्ड घ्या, मुक्काम पडला तर दोन कपडे घ्या. त्या दिवशी सकाळी हात थरथरत असतील तर गाडी स्वतः चालवू नका, एसटीनं जा.